गणिताच्या पोरांचे पेढे

आई गं,

आज संध्याकाळपर्यंत सईची फी भरायची आहे, आणि कुठली भरायची तेच अजून ठरत नाही. तुझ्या नातीचा दोन ठिकाणी नंबर लागलाय. इथं कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आणि पुण्यात बीएस्सी गणिताला. पोरगी म्हणते, गणितच. तुझे जावई म्हणाले, "गणित शिकून पुढं काय? क्लासच घेणार का?" आणि माझ्याकडं बघून चपापले. मी गणिताची एमएस्सी, आणि क्लासच घेते की! आधी हसू आलं, मग रडू आलं. तू जाऊन दुसरा पावसाळा लागला, पण असलं काही विचारायला मला अजून तूच लागतेस. म्हणून लिहितेय.

माझ्या वेळी तू काय चौकशी केली होतीस! आपल्या मेसवर जेवायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आमटी वाढता वाढता विचारायचीस, "काय शिकतोस रं? त्यानं काय मिळतंय?" बिचाऱ्यांचा घास घशात अडकायचा. मी म्हणायचे, आई, जेवू दे की त्यांना! तर म्हणायचीस, "शिकणाऱ्याला न्हाय इचारायचं तर कुणाला?"

मेसची रीतच होती, नोकरी लागली की पोरानं पहिले पेढे मावशीला आणून द्यायचे. त्या पेढ्यांवरनं तू शिक्षणाचा भाव काढलास. डिप्लोमावाल्यांचे पेढे लवकर. इंजिनिअरांचे त्यांच्या मागनं. बँकेत लागलेल्यांचे कधीमधी, पण आले की किलोभर. आणि गणितवाल्यांचे? "ती पोरं नुसती जेवत्यात," तू म्हणालीस. "बाकीची येत्यात, जात्यात. ही आपली ताटावरच. आणि आमटीत मीठ न्हाय घातलं तरी त्यास्नी कळत न्हाय!"

एवढं सगळं सांगूनही तू मला गणितालाच कसं जाऊ दिलंस गं? कितीदा विचारलं, तर एकच उत्तर. "तुला भाकरी तरी कुठं धड येती? जा, शीक." हे काय उत्तर झालं?

पण तुझ्या पेढ्यांच्या हिशेबात एक चूक होती. ती मला या आठवड्यात कळली. तुझा जुना मोबाईल चार्ज केला. त्यात तू पोरांची नावं काय घातलीयस! 'गणित चष्मा', 'गणित ताकवाला'. दोघांनाही फोन लावला. चष्मा आता मुंबईत विमा कंपनीत आहे. पगार चांगला, पण त्या कामासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षा अजून संपल्या नाहीत म्हणाला. नोकरी लागली तेव्हा त्याला कोल्हापूर सोडून बरीच वर्षं झाली होती. "मावशींचे पेढे राहूनच गेले हो," म्हणाला. पेढे आलेच नाहीत म्हणजे नोकऱ्या लागल्या नाहीत, असं नव्हतं आई. त्यांना उशीर लागला, एवढंच.

ताकवाला मात्र शिरोळला ऊस करतो. त्याला विचारलं, काय फायदा झाला गणिताचा? "फायदा न्हाय झाला ताई, खोटं कशाला बोलू? पण उसाला पाणी सोडलं की बांधावर बसून एखादं गणित सोडवतोय. बायको म्हणती येडं हाय."

हे सगळं मी सईला सांगितलं. माझंही सांगितलं. गणिताची फी कमी, पण वर्षं जास्त लागतात. मी कॉलेजात तासाच्या पैशावर किती वर्षं शिकवलं, मानधन सहा-सहा महिने यायचं नाही, तुझ्याच मेसवर जेवत होते. काही झाकलं नाही. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मम्मी, तुला परत बारावीत नेऊन बसवलं तर काय घेशील?"

बापरे! तोंडात 'इंजिनिअरिंग' आलं होतं. बाहेर आलं, 'गणित'.

का, ते माझं मलाही नीट सांगता येईना. एवढंच आठवलं की मूळ संख्या कधीच संपत नाहीत, हे पहिल्यांदा पटलं त्या दिवशी मी कॉलेजातनं चालत निघाले आणि तंद्रीत आपली गल्ली मागं टाकून पार रंकाळ्यावर पोचले. घरी येऊन तुला म्हटलं, "आई, संपतच नाहीत!" तू दचकलीस, "काय, भाकऱ्या?" "नाही गं, संख्या!" "मग बरं हाय की," म्हणालीस आणि कामाला लागलीस. त्या दिवसाइतकी खूश मी पुढं कुठल्याच पगाराला झाले नाही.

सईचे पप्पा हे सगळं ऐकत होते. मग म्हणाले, "पुण्यात मेस तरी चांगली बघा." मी हे पत्र लिहितेय तोवर सईनं फी भरली पण. पुण्याची.

आता भीती वाटतेय, आई. उद्या तिची नोकरी लांबली, ती माझ्यासारखी हात हलवत परत आली तर? माझ्या त्या वर्षांत तू रोज माझं ताट वाढलंस. तुला सगळं आधीच दिसलं होतं, आणि तरी एकदाही म्हणाली नाहीस, "मी सांगितलं हुतं." कसं गं जमलं तुला?

मला जमेल का माहीत नाही. पण तुला शब्द देते, सईला मी ते कधी म्हणणार नाही. जिभेच्या टोकावर आलं तरी गिळीन.

तुझीच,
मंगल