बदललेली पायताणं

मुक्काम दुसरं कोल्हापूर

तीर्थरूप आईस शिदूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

मी खुशाल हाय. त्या दिवशी जोतिबाच्या पायरीवर चुकून दुसऱ्याची पायताणं घातली आन् डोंगर उतरलो तो दुसऱ्याच कोल्हापुरात. रंकाळा त्योच, आपलं घर तेच, म्हसबी तीच. हितंबी एक शिदू हुता, हुबेहूब मीच. ती पायताणं त्येची. माझी घालून त्यो तुझ्याकडं गेलाय.

माझ्या पोटाची काळजी करू नगंस. भाकरी मीच थापतो, जरा करपती एवढंच. तुझा खोकला कसा हाय?

रोज पायरीवर जाऊन बसतो. तिथली फुलवाली म्हणती, हितनं चिठ्ठी पलीकडं जाती, माणूस जात न्हाय. दोघं एकाच येळी पायरीवर आलं आन् पायताणं बदलली, तरच सुटका.

पर त्यो कशाला येतोय? हितली आई पिलेगात गेली. त्येला तिकडं तू गावलीस की!

आन् आपल्या घरात वाचता येतं ते एकट्या शिदूला. म्हंजे हे पत्र तुला त्योच वाचून दाखवणार.

तवा शिदू, लेका, तिला काय सांगायचं ते सांग. पर खोकल्याला अडुळशाचा काढा दे. तुझी आई कसा प्यायची ठावं न्हाय; माझी गूळ घातल्याबिगर पीत न्हाय.

शिदू