एका बाईची दोन कार्डं

गुरुवार, चतुर्थीनंतरचा. धारगळ

मूत्रपिंडाच्या दुर्मीळ आजारांची पाहणी वीस वर्षं चालवायची. माणसं तीच, दरवर्षी लघवीची तपासणी आणि नोंद. गोवा राज्य झाल्याचे पेढे खाल्ले तेव्हा हौसेने हे काम अंगावर घेतलं. आराखडा उद्या द्यायचाय, आणि आज सगळंच विस्कटलं.

सुर्ल्याची कुसुम मी डिचोलीत असताना तपासलेली, चोपड्याची सुहासिनी इथे. दोघींच्या लघवीत रक्त, दोघींचे वडील बहिरे; मूत्रपिंड आणि कान दोन्ही बिघडवणारा हा घराण्यातून येणारा आजार. एकच आजार दोन वेगळ्या घरांत सापडला म्हणून मी खूश होते. आज सुहासिनीला वडिलांबद्दल पुन्हा विचारलं तर म्हणाली, "डॉक्टरबाई, लग्नाआधीच सांगलेलंय ना तुमका."

म्हणजे कुसुम आणि सुहासिनी एकच बाई; डिचोलीच्या गर्दीत पाहिलेला चेहरा मी विसरले होते. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं, झालं. माझंही असंच बदललं होतं. तरी फॉर्मात माहेरच्या नावाचा रकाना ठेवायला मला सुचू नये? बहिरे वडील दोनदा लिहिले, तेही माझ्याच अक्षरात.

कार्डं जोडायला घेतली तर तिने हात धरला. सासरी आजाराचं ठाऊक नाही. "सुर्ल्याची कुसुम दुखणेकरी रवांदे. चोपड्याच्या सुहासिनीक कायएक नाय, असां लिवा."

तसं लिहिलं तर पाहणी खोटी. जोडलं तर तिचं घर? दरवर्षी पोस्टकार्ड टाकून बोलवायचं, हे आराखड्यात मीच घातलंय. चोपड्याला टाकलं तर सासरा वाचणार. सुर्ल्याला टाकावं, तर कुसुम आता तिथे राहत नाही.