आईमुळे हुकलेलं विमान

३१ मार्च १९९४
रिटायर झालो. सुटलो एकदाचा! आता फुलटाइम विमान. कल्याणला शाळेत होतो तेव्हा दप्तर उशाला घेऊन नेवाळीच्या जुन्या धावपट्टीवर पडून राहायचो, तेव्हापासूनचं हे वेड. डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसलेल्या विमानांच्या नोंदी: सात वह्या. प्रत्यक्ष बसायचं तेवढं राहिलंय.

निरोप समारंभात साहेब म्हणाले, आईच्या एका शब्दाखातर ह्यांनी पायलट होणं सोडलं. टाळ्या. पहिल्या रांगेत आई पदराने डोळे पुसत होती. मी गळ्यातला हार नीट करत बसलो.

१ एप्रिल
इथे खरं लिहायला हरकत नाही. १९५५ साली एअर फोर्सच्या इंटरव्ह्यूला निघालो तेव्हा आई दारात रडली, नको जाऊस म्हणाली. तरी गेलोच. गेटपर्यंत पोचलो. तेवढ्यात डोक्यावरून एक विमान गेलं आणि त्याच्या डाव्या इंजिनाचा आवाज मला काही पटला नाही. परत फिरलो. घरी सांगितलं, आई, तू रडलीस म्हणून आलो.

ह्या आठवड्यात तिला सगळं सांगून टाकायचं. ठरलं म्हणजे ठरलं.

९ एप्रिल
सांगितलं नाही. परवा पाडवा. सणासुदीला कशाला?

हॉलमधला बल्ब गेला. स्टुलावर सुमती चढली. बायकोला चढवायला बरं वाटत नाही, पण आमचं स्टूल डुगडुगतं.

३ मे
हापूसची पेटी आली. आई शिवली नाही. तिला आवडत नाही, असंच मी आजवर धरून चाललेलो. सुमतीने स्वयंपाकघरात नेऊन झापलं. आईने पंचावन्न सालीच आंबा सोडलाय म्हणे. माझ्या रडण्याने पोराचं विमान हुकलं, तो विमानात बसेल तेव्हाच आंबा तोंडाला लावीन, असा तिचा नेम.

एकोणचाळीस वर्षं! आणि तिच्या वाटणीच्या फोडी दरवर्षी मीच खाल्ल्या. अरे चंदू, नालायका!

उद्या सकाळी चहाच्या आधी सांगतो.

४ मे
चहा आधी आला.

नवीन विचार. सांगण्यापेक्षा विमानात बसणं सोपं. आईचा आंबा चालू होईल आणि सांगायची भानगडच नको. आमच्या मुलाला, गुरुदत्तला म्हटलं, काढ रे तिकीट. पोरगं उत्साही. रविवारची, १५ तारखेची औरंगाबादची तीन तिकिटं काढून आला. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. तिसरं आजीचं.

१४ मे
आईला तासभर लेक्चर दिलं. कानात कापूस घालायचा, खाली बघायचं नाही, मुळीच घाबरायचं नाही. ती म्हणाली, तू शेजारी असलास की कसली भीती रे?

दुपारी जेवण गेलं नाही. उकाडाच फार.

१५ मे, सकाळी ७.२०, सांताक्रूझ, विमानतळाबाहेर
डाव्या इंजिनाचा आवाज पटला नाही. शिडीची एक पायरी चढून उतरलो. आई तोवर आत पोचलेली. गुरुदत्तने वरून हाक मारली तेव्हा मी घड्याळ बघत होतो. दोघं गेली.

१६ मे
आईच्या गप्पा संपत नाहीत. खिडकीशी बसली, ढग बघितले, हवाईसुंदरीकडून दोन गोळ्या जास्तीच्या मागून घेतल्या.

मग म्हणाली, एवढंच होतं होय रे? ह्यात भिण्यासारखं काय होतं? उगाच रडले मी तेव्हा, तुझं आयुष्य फुकट घालवलं. आणि काल तू शिडीवरून उतरलास, तेही माझ्याच पायी. तेव्हा घातलेली भीती अजून तुझ्या मनात बसलीय.

सांगायची वेळ हीच होती. तोंड उघडलंसुद्धा. सुमती दारातून माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, असेल गं, तू नको मनाला लावून घेऊ.

आई डोळे पुसून उठली. आत जाऊन माझ्यासाठी दोन आंबे कापून आणले. स्वतः शिवली नाही. समोर बसून राहिली, खा म्हणाली.

दोन्ही खाल्ले.