पाणी मुरतंय

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. कुणाला दाखवायचं नाही.
धावपट्टीलगतच्या शेडमध्ये विमान तयार आहे. दोन सीटांचं, लाकडी, सगळं माझ्या हातचं. राहिलाय फक्त प्रोपेलरचा बॅलन्स. इंजिन चालू केलं की समोरच्या मीटरांचे काटे थरथरून दिसेनासे होतात आणि माझ्या दाढेवरची कॅप हलते. कॅप बसवली शेजारच्या शेडमधल्या डेंटिस्टने. तोही विमान बांधतोय. माझ्याआधी उडवायचा बेत दिसतो.
काम सोपं आहे. प्रोपेलर उतरवायचा, मधल्या भोकात दांडा घालायचा, दांडा दोन सपाट पोलादी पट्ट्यांवर ठेवायचा. जड पातं आपोआप खाली जातं. जड असेल ते घासायचं. दोन दिवस पुष्कळ झाले.
पंधराला, रविवारी, पहिलं उड्डाण. उडवणार साडू, कारण लायसन्स त्याच्याकडे आहे. माझंही येईल. लेखी परीक्षेतले प्रश्नच मुळात संशयास्पद होते.

३ फेब्रुवारी
पांढऱ्या टोकाचं पातं जड निघालं, लाल टोकाचं हलकं. पांढरं टोक पॉलिश पेपरने घासलं. दुपारी दोन्ही पाती आडवी, ढिम्म हलेनात. फत्ते!
प्रोपेलर परत बसवला आणि उभा ठेवला, लाल टोक वर. फाटकातून काय रुबाबदार दिसतो! संध्याकाळी रोजच्याप्रमाणे पाइप लावून विमान धुतलं. घासलेल्या जागी व्हार्निश मारायचं राहिलं. उद्या नक्की.

५ फेब्रुवारी
इंजिन चालू केलं. काटे गायब. कॅप हलली.
प्रोपेलर उतरवून पट्ट्यांवर ठेवला. पांढरं पातं धाडकन खाली! परवा बरोबर होतं. लाकूड काही रात्रीतून जेवत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय.
शेडच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक हिच्याकडे, एक साडूकडे. शिवाय डेंटिस्टच्या आणि माझ्या शेडमधला पत्रा वरपर्यंत गेलेला नाही. डेंटिस्ट अंगाने बारीक आहे.
पांढरं टोक पुन्हा घासलं. व्हार्निश उद्या. आधी गुन्हेगार.

६ फेब्रुवारी
डेंटिस्ट चहाचा थर्मास घेऊन आला. विचारतो, “काय, बॅलन्स जमला का?” याला कसं कळलं बॅलन्स चाललाय ते? प्रोपेलर पट्ट्यांवर होता हे खरं, पण म्हणून काय झालं!
पांढरं टोक त्याने बराच वेळ निरखलं. मग म्हणाला, “पॉलिश गेलंय इथलं. दात असो की लाकूड, असं उघडं ठेवू नये.”
बोलणं गोड, पण धमकी स्पष्ट होती. चहा प्यायलो नाही. अर्धा कपच प्यायलो.

८ फेब्रुवारी
काल घरी जाताना हिची टाल्कम पावडर शेडभर जमिनीवर पसरली होती. सकाळी आत शिरून तपासणी केली. बुटांचे ठसे सापडले! मापाने तंतोतंत माझ्याएवढे. म्हणजे गुन्हेगार मुद्दाम माझ्या मापाचे बूट घालतो. साधा माणूस नव्हे.
पांढरं पातं पुन्हा जड. पुन्हा घासलं.
घरी गेल्यावर हिने माझ्या पँटला नाक लावलं. “शेडमध्ये पावडर लावून कोण येतं हो?” मी म्हणालो, तपास चालू आहे, आत्ता काही सांगता येणार नाही. ताट आदळूनच वाढलं.

१० फेब्रुवारी
साडू येऊन गेला. पांढऱ्या टोकावर बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, “अहो, पाणी मुरतंय.”
मी त्याचे दोन्ही हात धरले. म्हटलं, मी पहिल्यापासून तेच म्हणतोय! बोला, कुणाचं काम आहे?
“कुणाचं म्हणजे? तुमचंच. वरचं व्हार्निश खरवडलंत, रोज धुता आणि वर उभा करून ठेवता. पाणी सगळं खालच्या टोकात उतरतं. आडवा ठेवा, वाळू द्या, मग व्हार्निश मारा.”
किती पाठ केल्यासारखं बोलला! घरी येताना आठवलं, याचं रूट कॅनाल डेंटिस्टकडेच झालंय. भूल दिल्यावर माणूस काय काय कबूल करून बसेल!
प्रोपेलर उभाच ठेवला. त्यांना हवं तसं मी का करू?

१२ फेब्रुवारी
पहाटे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दातात भोक पाडून धातू भरतो, तो माणूस लाकडात काय भरणार नाही? पांढऱ्या पात्यात शिसं आहे! बाहेरून बेमालूम बुजवलेलं.
साक्षीदार हवेत म्हणून तिघांनाही शेडमध्ये बोलावलं. ही, साडू आणि स्वतः डेंटिस्ट. सगळ्यांदेखत ड्रिल लावलं. पहिल्या भोकात काही नाही. दुसऱ्यात नाही. बाहेर नुसता ओला भुसा येत होता. शिसं खोलवर असणार, म्हणून आणखी पाडली. साडू थांबा थांबा ओरडत होता, ड्रिलच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.
डेंटिस्टने भुसा चिमटीत धरून दाबला. बोटं ओली झाली. मी म्हणालो, ऐनवेळी तुम्ही शिसं काढून घेतलंत.
तो जवळच्या डब्यावर बसला. चिडेल असं वाटलं होतं. चिडला नाही. म्हणाला, “तुमच्या विमानाला मी एकदाच हात लावलाय. पंखांवर कापड चढवत होतात तेव्हा. दुसरं टोक धरायला तुमच्याकडे कुणी नव्हतं.”
आणि गेला. थर्मास तिथेच राहिला.
साडू म्हणाला, “याच्यातून आता चहा गाळा.” हिने कोपऱ्यातला पावडरचा रिकामा डबा उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि साडूबरोबर निघून गेली.
कापडाचं मला आठवतं. दिवसभर धरून उभा होता. पण तेव्हाच त्याने पाहणी केली नसेल कशावरून?

१४ फेब्रुवारी
रविवार रद्द, असं हिने सगळ्यांना कळवलंसुद्धा होतं. सकाळी शेड उघडली तर टेबलावर कोरा करकरीत प्रोपेलर. डेंटिस्टचा. आमची दोघांची इंजिनं एकाच मापाची आहेत. किल्ली साडूने दिली म्हणे. चिठ्ठी नाही, काही नाही.
पट्ट्यांवर ठेवला. आडवा राहिला. कसाही फिरवला तरी सोडला तिथे थांबे. साडूने तो विमानाला बसवून इंजिन चालू केलं. काटे स्वच्छ दिसले. कॅप जागच्या जागी.
काहीच खोट नाही. हेच खटकतं. स्वतःचं विमान अडकवून दुसऱ्याला प्रोपेलर कोण देतो?
ही म्हणाली, “माफी मागा त्यांची.” मागेन. उद्या विमान सुखरूप उतरलं की मागेन. त्याआधी एकदा खात्री करून घ्यायची.

१५ फेब्रुवारी, रविवार, रात्री
विमान उडालं.
नीट लिहितो. सगळे धावपट्टीच्या कडेला उभे होते. साडू एकटाच आत. इंजिन तापायला वेळ होता. डेंटिस्टची शेड सताड उघडी आणि आत कुणी नाही. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. दोन मिनिटांत येतो, असं मनाशी म्हणून गेलो.
टेबलाखाली शिरून शोधलं. शिसं नाही. माझ्या मापाचे बूट नाहीत. कापडाचे तुकडे, गोंद, घासलेले ब्रश. वर पाहिलं तर त्याच्या विमानाचं नाक. पुढे नुसते बोल्ट, प्रोपेलरची जागा रिकामी. त्याच्याखाली मी गुडघ्यांवर.
तेवढ्यात बाहेर इंजिनाचा आवाज चढला. उठताना टेबलाला डोकं आपटलं. मग आवाज जमिनीवरचा वाटेना, टाळ्या ऐकू आल्या. बाहेर यायचं तर व्हिडिओ काढत मागे सरकलेला डेंटिस्ट दारात उभा, माझ्याकडे पाठ, फोन वर धरलेला. त्याच्यादेखत निघणार कसा? तो पुढे सरकेपर्यंत आत थांबलो. साडूने एकच फेरी मारली. मी बाहेर आलो तेव्हा विमान जमिनीवर होतं आणि हळूहळू परत येत होतं.
हिचे डोळे भरलेले. म्हणाली, “चाकं सुटली तेव्हा तुमचा हात शोधत होते मी. कुठे होतात?”
म्हणालो, इथेच, जरा मागे. तिथून जास्त चांगलं दिसत होतं.
“किती अलगद उचललं ना?”
हो म्हणालो. फारच अलगद.
डेंटिस्टने येऊन माझा हात हातात घेतला. माफी मागणार होतो, पण तोच इतका खूश होता की मध्ये बोलायला जागा मिळाली नाही.
जेवणानंतर त्याने सगळ्यांना व्हिडिओ पाठवला. हिच्या फोनवर बघितला. माझं विमान पहिल्यांदा उडताना पाहिलं ते असं, तळहाताएवढं. सुंदर उडतं. शेवटी सगळे टाळ्या वाजवतात, त्यात मी नाही. सुरुवातीला कोपऱ्यात एक माणूस वाकून डेंटिस्टच्या शेडमध्ये शिरताना दिसतो. इकडेतिकडे बघतो आणि शिरतो. शर्ट माझाच आहे.
हिने व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला.