घरात कोणाला होतं?

॥ श्री ॥

श्रीगोंदा,
चैत्र शुद्ध अष्टमी, सन १९७१

तीर्थरूप आक्का हिच्या पायांवर धाकट्या मनकर्णेचं डोकं.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा दमा थंडीबरोबर गेला की उन्हाळ्यालाही मुक्काम करून आहे? तांबडी गाय व्यायली असेल तर खरवस माझ्या नावाने खा. पत्र वाचून दाखवणारे पोस्टमन सूर्यभानभाऊ यांनाही रामराम. (सूर्यभानभाऊ, मागच्या खेपेला मी बजावून लिहिलं होतं की कंसातला मजकूर फक्त तुमच्यासाठी असतो, तो मनात वाचायचा. तुम्ही तो मोठ्याने वाचलात आणि वर ‘कंस सुरू’, ‘कंस पुरा’ असंही म्हणालात. आक्काच्या उत्तरात तसं तुमच्याच अक्षरात लिहून आलं. या खेपेला जपा.)

मी बरी आहे. हे आधीच लिहून टाकते, कारण पुढचं वाचून तू सूर्यभानभाऊंना मध्येच थांबवशील आणि मग हे वाक्य राहून जाईल. तर झालं असं की मार्गशीर्षापासून मला खोकला लागला. मी काढे घेतले, ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध प्याले. खोकला काही हलेना. शेवटी शेजारची चांगुणा भिंतीवरून डोकं काढून म्हणाली, “आगं मनकर्णे, तुज्या खोकल्यानं माजी कोंबडी आंडी द्यायची ऱ्हायली. तुला दवाखान्यात न्ह्यायची का कोंबडीला, ते आज ठरव.” कोंबडीला एस.टी.त घेत नाहीत, म्हणून माझा नंबर लागला. संक्रांतीच्या आधी दोन दिवस आम्ही दोघी नगरला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि छातीचा फोटो काढून आणा म्हणाले. फोटो म्हटल्यावर मला यांच्याबरोबर काढलेला तो एकच फोटो आठवला, ज्यात हे कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मी यांच्या सुटलेल्या गुंडीकडे. इथला फोटो निराळा. अंधाऱ्या खोलीत एका गार पत्र्याला छाती टेकवून उभं केलं, “श्वास घ्या, रोखून धरा,” असं म्हणून तो माणूस आत गेला. मी रोखून धरला. काही वेळाने तो बाहेर येऊन दुसऱ्या बाईचं नाव पुकारायला लागला तरी मी रोखूनच. माझे डोळे बाहेर आलेले बघून तो घाबरला. मी म्हटलं, “तुमी सोडा म्हनालाच न्हाई.”

फोटोत दोन गाठी निघाल्या. उजव्या बाजूला एक वाटाण्याएवढी आणि तिच्याखाली एक तुरीच्या दाण्याएवढी. डॉक्टर चांगले आहेत, तरणे आहेत, खोटं गोड बोलत नाहीत. म्हणाले, “ही कॅन्सरचीच गाठ असेल असं नाही. एखाद्या जुन्या आजाराचा वणही असू शकतो. वाढते का ते बघायचं. तीन महिन्यांनी पुन्हा फोटो काढू.” मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, “घरात कोणाला कॅन्सर होता का?”

आक्का, या प्रश्नाला माझ्याइतकं भरभरून उत्तर कोणी दिलं नसेल. मी पदर सावरून बसले आणि पहिल्यापासून सांगायला घेतलं. मामंजींना तोंडाचा, तंबाखू-चुन्याने. सासूबाईंना पोटात गाठ, वैद्याने वायगोळा म्हणून दोन वर्षं काढली. थोरल्या दिरांना घशाचा. मग यांना. यांचं सांगताना मी तिथीवार सांगितलं. आवाज कधी बसला, पाणी कधी उतरेना झालं, शेवटची भाकरी कोणत्या दिवशी खाल्ली आणि ती माझ्या हातची होती हेही सांगितलं. डॉक्टर लिहीत होते, कागद उलटून मागे लिहीत होते, त्यांचा चेहरा उतरत चालला होता. मला मात्र कधी नव्हे ते आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटत होतं. बाहेर आल्यावर चांगुणा म्हणाली, “लई येळ लागला.” मी म्हटलं, “मोठं घराणं हाय.”

पुढचे तीन महिने कसे गेले ते विचारू नकोस. पेरलेलं बी उगवलं का म्हणून शेतकरी रोज माती उकरत नाही, पण मी रोज सकाळी चूळ भरायच्या आधी उजवी बाजू दाबून बघायची. दाबून दाबून ती बाजू दुखायला लागली, आणि दुखते म्हणजे गाठ वाढली असं धरून मी आणखी दाबायची. त्यात ते पुडीच्या कागदाचं प्रकरण झालं. तुला ठाऊक आहे, मला वाचायला कोणी शिकवलं नाही. यांच्या विडीच्या बंडलावर दोन हरणांचं चित्र आणि खाली ‘नकली मालापासून सावध’ अशी ओळ असे. हे ती मोठ्याने म्हणायचे, मी चूल फुंकता फुंकता बघायची आणि एक दिवस ती मला आपोआप वाचता आली. मग किराणा बांधून आलेला प्रत्येक कागद मी वाचला आणि त्यावरचीच अक्षरं गिरवून लिहायलाही शिकले. वाण्याच्या कृपेने त्यातल्या कशालाच सुरुवात नसते किंवा शेवट नसतो. एका गोष्टीतली विहिरीत पडलेली बाई अकरा वर्षं झाली, अजून विहिरीतच आहे.

तर माघात शेंगदाण्याच्या पुडीवर मला हा मजकूर मिळाला: ‘वरून काही कळत नाही. गाठी आतल्या आत वाढत राहतात. पहिले लक्षण म्हणजे’. आणि इथे कागद फाटलेला. मी तशीच दुकानात गेले आणि पुन्हा पावशेर शेंगदाणे मागितले. त्या पुडीवर लग्नाच्या जाहिराती. आणखी पावशेर घेतले, त्यावर बाजारभाव. दुकानदार म्हणाला, “मावशी, घरी लगीन काढलंय का काय?” शेवटी त्याला खरं सांगितलं. त्याने आठवून आठवून सांगितलं की त्या कागदाचा दुसरा तुकडा जिऱ्याला गेला आणि जिरं चांगुणेने नेलं. चांगुणेने त्या कागदाचा बोळा करून तेलाच्या बाटलीला बूच म्हणून लावला होता. आम्ही दोघींनी तो उलगडून उन्हात वाळवला आणि मी वाचायला घेतलं. चांगुणा देवाचं नाव घेत समोर बसली. पुढे लिहिलं होतं: ‘दुपारच्या उन्हात पाने माना टाकतात. अशी वांग्याची झाडे मुळासकट उपटून जाळून टाकावीत.’

चांगुणा हसून हसून जमिनीवर लोळली. अजूनही दुपारी मला बघितलं की विचारते, “काय, मान टाकली का न्हाई?” मीही हसले. पण खोटं कशाला लिहू, रात्री ‘मुळासकट’ हा शब्द काही डोक्यातून जाईना.

मग फाल्गुनात शिरगणतीवाले आले, म्हणजे शाळेतले गुरुजीच. ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, “घरात माणसं किती?” मी कणीक मळत होते. म्हटलं, दोन. गुरुजींनी दोन लिहिलं आणि दुसरं कोण ते विचारलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. सहा वर्षं झाली, पण कणीक मळताना माणूस तोंडाने बोलतं, डोक्याने बोलत नाही. गुरुजींनी दोनाचा एक केला. सरकारचा कागद माझ्यामुळे खराब झाला.

आता मुख्य गोष्ट. परवा पुन्हा नगरला जाऊन फोटो काढला. या खेपेला मी त्या माणसाला आधीच सांगून ठेवलं की सोडा म्हणायला विसरू नका. डॉक्टरांनी दोन्ही फोटो उजेडापुढे शेजारी शेजारी धरले आणि बराच वेळ बघितले. गाठी आहेत तेवढ्याच आहेत, वाढलेल्या नाहीत. मी हात जोडले. ते म्हणाले, इतक्यात नको, आता सहा महिन्यांनी अजून एक फोटो काढू, तुमच्या घरात एवढे कॅन्सर झालेत म्हणजे सावध राहायला हवं. मग माझा तो मागचा कागद चाळता चाळता त्यांनी विचारलं, “हे वडील म्हणजे तुमचे वडील ना?” मागच्या खेपेला मी नुसतं म्हातारबा, म्हातारी असंच म्हटलं होतं. आता म्हटलं, “मामंजी.” “आणि ही आई?” “सासूबाई.” त्यांनी चष्मा काढला. “अहो बाई, मी तुमच्या घरातलं विचारलं होतं.” मी म्हटलं, “मग ते कुनाचं घर हाय? तेराव्या वर्सापासून तितंच हाय मी.”

तेव्हा त्यांनी मला समजावून सांगितलं की असले आजार कधी कधी रक्तातून येतात. नवऱ्याचा आजार बायकोत येत नाही, कारण नवरा-बायकोचं रक्ताचं नातं नसतं. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी भरलेला कागद उभा-आडवा खोडला. मामंजी, सासूबाई, थोरले दीर आणि शेवटी हे. मी विचारलं, “मग माज्यात त्यांचं काय हाय?” डॉक्टर हसून म्हणाले, “काही नाही. चांगलंच आहे की!”

परतताना चांगुणेने एस.टी.त शेजारच्या बायकांना गुडदाणी वाटली. मी खिडकीतून बाहेर बघत होते. चांगली बातमी होती, मला कळत होतं. पण पस्तीस वर्षं ज्यांच्या ताटात जेवले, ज्यांनी बांधलेल्या भिंतींत राहिले, त्यांचं माझ्यात दुखणंसुद्धा नाही म्हणे. तीन महिने भीती वाटत होती ती खरी, पण त्या भीतीच्या तळाशी असंही एक होतं, की जे यांना झालं तेच मला झालं आहे, म्हणजे वाट ओळखीची आहे, पुढे हे गेलेलेच आहेत. डॉक्टरांनी एका रेघेत मला त्या वाटेवरून उठवलं.

निघण्याआधी डॉक्टरांनी कोरा कागद घेऊन माहेरचंही विचारलं होतं. वडिलांचं मी सांगितलं, साप चावला. “आई कशाने गेल्या?” मी म्हटलं, “देवाला आवडली.” ते म्हणाले, “त्याआधी?” मी म्हटलं, “त्याआधी आमाला आवडायची.” डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कोणाला ठाऊक असेल त्यांना विचारून या.

असो. कुरडयांचे दिवस आलेत. गव्हाचा चीक एकटीने हाटवत नाही आणि चांगुणेच्या हातची कुरडई तळली की कढईतच विरघळते. तर चार दिवस काढून ये. दाजींना आणि लहानथोरांना यथायोग्य सांगणे. (सूर्यभानभाऊ, पत्र इथे संपलं असं म्हणून घडी घालू नका. खाली अजून आहे.)

तुझी,
मनकर्णा

ता. क. कुरडया मी चांगुणेकडूनही करून घेईन. आक्का, आईला काय झालं होतं? मी सहा वर्षांची होते, तू चौदाची. मला एवढंच आठवतं की आई ओसरीत भिंतीकडे तोंड करून निजलेली असे, मला तिच्याजवळ जाऊ देत नसत आणि तू तिची लुगडी ओढ्यावर वेगळी नेऊन धुवायचीस. मी कधी विचारलं नाही, कारण तो विषय निघाला की तू भांडी घासायला उठतेस. क्षय असेल तर डॉक्टरांना बरं वाटेल, माझ्या गाठी तेव्हाचेच वण असतील. आपली आई क्षयाने गेलेली असू दे म्हणून देवाला हात जोडायचे दिवस आले बघ. आणि दुसरं काही असेल तर तूही त्याच आईची आहेस. तुझ्याही छातीचा फोटो काढायचा, मी डॉक्टरांना सांगून ठेवलं आहे. रक्ताचं म्हणतात ते आता माझं तूच एक आहेस.

ता. क. दुसरा. (सूर्यभानभाऊ, हा फक्त तुम्हाला. वरचा मजकूर वाचून होईल तेव्हा आक्काचा चेहरा कसा होतो ते नीट बघा आणि मला एका कार्डावर कळवा. ती उठून भांड्यांकडे गेली तर तेवढंच लिहा, मी समजेन.) तुम्ही हेही मोठ्याने वाचताय, मला ठाऊक आहे. आक्का, बस खाली. भांडी सून घासेल.

ता. क. तिसरा. तुझी गाडी संगमनेरला थांबते, तिथे स्टँडवर उतरून दोन हरणांच्या चित्राच्या विडीची बंडलं आण, मिळतील तेवढी. इथल्या दुकानदाराने ती ठेवणं बंद केलं आणि माझ्याकडे चारच विड्या उरल्यात. कोणासाठी असं विचारशील. हे गेल्यापासून रोज दिवेलागणीला त्यांच्या कोनाड्यात मी एक विडी पेटवून ठेवते. लोक उदबत्ती लावतात, पण उदबत्तीच्या वासाचा माणूस माझ्या घरात कधी नव्हता. ती विझेपर्यंत मी शेजारी बसते. खोकला कशाने लागला असेल हे आता तुझ्या ध्यानात आलं असेल. डॉक्टरांनी विचारलं होतं, विडी ओढता का? मी नाही म्हणाले. ते खरंच आहे, ओढत नाही, लावते. हे त्यांना सांगितलं तर तेही खोडतील.

आईचं काय ते इथे येऊन तोंडी सांग. चांगलं असेल तर दारातूनच ओरड. वाईट असेल तर संध्याकाळपर्यंत थांब, आधी विडी लावू, मग सांग. ऐकताना घरात आम्ही दोघं असलेलं बरं.