काचा कोणी पुसू नयेत

परमेश्वराला स्मरून लिहून ठेवते, की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डाव्या कानाने कमी ऐकू येते, पण त्याचा सहीशी संबंध नाही. कोणी दटावून लिहवून घेतलेले नाही, उलट "आई, एवढी घाई कशाला?" असेच सगळे म्हणतात. घाई मलाच आहे. कारण कलम ३ मध्ये येईल.

कलम १. राहते घर दोन्ही मुलांना समान. मधे भिंत घालायचीच झाली तर स्वयंपाकघरातून घालू नये.

कलम २. बँकेतली ठेव आजारपणातून उरेल ती दोघांत निम्मी. शिवणयंत्र जाऊबाईंना. माझी शिवण उलटून बघायची त्यांना खोड आहे, आता स्वतः शिवून बघावे. जपाची माळ माझ्याबरोबर जाऊ द्यावी.

कलम ३. पलंगाखालची ट्रंक. तीत यजमानांनी रंगवलेल्या काचा आहेत. सिनेमाच्या सुरुवातीची नावे ते ब्रशने काचेवर काढीत, मग ती कॅमेऱ्याने टिपत. स्टुडिओची रीत अशी, की चित्रण झाले की काच धुवायची आणि पुढच्या सिनेमाला घ्यायची. ज्या यांच्याने धुववेनात, त्यांची किंमत पगारातून कापवून यांनी त्या घरी आणल्या. अक्षरे काढण्याआधी मला सिनेमाची गोष्ट सांगत. म्हणत, "दिवे मालवले तरी माणूस खुर्चीत चुळबुळतच असतो. पुढे हसायचंय की रडायचंय, ते त्याला आधी अक्षराने सांगायचं." हसण्याच्या सिनेमात यांची अक्षरे एकमेकांना कोपराने ढोसत.

थोरल्याने त्यातली एक काच धुऊन मोरीच्या खिडकीला बसवली. "आई, फुकटात काम झालं! रंग काय चिवट होता!" काटकसर मीच शिकवली, आता बोलू कोणाला? तेव्हापासून बादली वाजली, की मी पलंगाखाली वाकून ट्रंक बघते. मी डोळे मिटायचा अवकाश, सगळ्या काचा लख्ख होणार.

म्हणून ट्रंक धाकट्या सुनेला. ती हेच काम संगणकावर करते. "बटण दाबून कुठे अक्षर येतं होय?" असे मी तिला चारचौघांत टोचले आहे. एकदा तिने एक काच उजेडात धरली आणि म्हणाली, "आई, ही अक्षरं अशी अंग चोरून का उभी आहेत? कोणी मागे लागलंय का त्यांच्या?" तो भुताचा सिनेमा होता. मी तिला सांगितले नव्हते.

कलम ४. थोरल्याने हे मनाला लावून घेऊ नये. मोरीची खिडकी त्याचीच.

हे वाचून दाखवताना वकील म्हणाले, "मावशी, हे सगळं तुमच्या पश्चात लागू होणार."

"म्हणजे तोवर ट्रंक पलंगाखालीच?"

"हो, तोवर तिथेच."

तेवढा धीर मला नाही. धाकट्या सुनेला हाक मारून टेम्पो मागवला, ट्रंक आजच तिच्या कामाच्या जागी पाठवली. सबब कलम ३ खोडले आहे आणि खोडलेल्या प्रत्येक ओळीवर माझी सही आहे. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल. तारीख वकिलांच्या शिक्क्याखाली.

सही: लिहून ठेवणार, आई
साक्षीदार: १) शेजारचे शिंपी
२) टेम्पोवाले, ट्रंकेची एक बाजू यांनी धरली, दुसरी सुनेने