पुरवणीचा दोरा

केळवे,
२१ नोव्हेंबर १९६६

चि. चिंतू यास दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या मराठीच्या मास्तरांना कावीळ झाली आणि अकरावीच्या प्रिलिमचे अडतीस पेपर माझ्या ओटीवर आले. मास्तरांना लवकर आराम पडो. पण खरे सांगू का, निवृत्तीनंतर सहा वर्षांनी लाल शाईची दौत उघडली तेव्हा मला सणासारखे वाटले. गठ्ठा पोचवायला आज आपल्या वाडीत काम करणाऱ्या भागीचा मुलगा बोईसरला येत आहे. उत्तरांपुढे गुण दिले आहेत. बेरीज करून वर मांडण्याचे तेवढे तू कर. हेडमास्तर झालास तरी धाकटाच आहेस, आणि बेरजेचा मला लहानपणापासून कंटाळा आहे हे तुला ठाऊक आहेच.

कवितेची उत्तरे वाचताना आपला चौथीचा वर्ग आठवला. समुद्राची कविता शिकवताना आपले गुरुजी डोळे मिटून घेत, आणि भरतीच्या लाटेच्या ठेक्यावर आपण ती म्हणत असू. हल्लीची मुले कवितेचा नुसता सारांश लिहितात. पाणी काढून घेतलेले शहाळे जसे.

मात्र एक निबंध असा आला, की बस. विषय ‘माझी शाळेची वाट’. डोंगरातल्या पाड्यावरून रोज सहा मैल चालत येणारे कुणी पोर आहे. लिहिते, ‘सूर्य डोंगरामागून निघतो, मी डोंगरापुढून निघते. वाटेत दोघे बरोबरच असतो. पण उशीर झाला म्हणून वर्गाबाहेर उभे मलाच करतात.’ तुझी वहिनी रंभा सुपारी सोलत होती, तिला वाचून दाखवला. शेजारच्या साखरबाईंना हाक मारून पुन्हा वाचला. दोऱ्याने बांधलेला पेपर हातात धरून वाचण्यात रंग येत नाही, म्हणून पुरवणीची तेवढी पाने मोकळी करून वाडीत फेऱ्या मारत तिसऱ्यांदा वाचला. पंचविसांपैकी बावीस दिले. हे पोर कोण, ते कळव. पेपरावर नुसता नंबर असतो, आणि तोही मी पाहिला नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा


बोईसर,
२९ नोव्हेंबर १९६६

ती. दादांस चिंतामणचा सा. न. वि. वि.

गठ्ठा पोचला. उत्तराला उशीर झाला, कारण इथे माझी झोप उडाली आहे. गेल्या वर्षी एक्केचाळीस मुले एस.एस.सी.ला बसली आणि नऊ पास झाली. परवा खात्याचे साहेब येऊन सांगून गेले, की यंदा निकाल चाळीस टक्क्यांच्या खाली गेला तर अकरावीचा वर्ग बंद. मग इथल्या मुलांनी पालघरला जायचे. ज्यांना जमेल ते जातील, बाकीच्यांचे शिक्षण दहावीतच संपेल.

म्हणून यंदा नियम कडक केला. प्रिलिमला एका विषयात नापास असेल तर बोर्डाचा फॉर्म भरू, दोन विषयांत असेल तर नाही. अडतीसपैकी नऊ जणांचे फॉर्म अडवले. आठांचे पालक आले, बोलले, गेले. नवव्या मुलीचे प्रकरण मात्र मनाला लागून राहिले आहे. नवसी झिपरू वरठा. तिच्या पाड्यावरून अकरावीपर्यंत आलेली ती पहिलीच. गणितात सत्तावीस आणि मराठीत एकोणतीस. मराठीत तिने निबंधच लिहिला नाही. विचारले तर म्हणते, लिहिला. मी पेपर उघडून दाखवला, तरी तेच. खोटे बोलण्याची सवय लागू नये म्हणून तिला वर्गासमोर उभी केली. रडली नाही, खाली मानही घातली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा बाप झिपरू येऊन व्हरांड्यात तासभर बसला. त्याचे म्हणणे एवढेच, की पोर खोटं बोलत नाय, बाकी तुमी शिकलेले.

तुमच्या आवडत्या निबंधाचा शोध घ्यायला सवड झाली नाही. मी फक्त लाल आकडे मिळवत गेलो. फॉर्म पुण्याला पोचायची शेवटची तारीख सोमवार, बारा डिसेंबर.

ती. सौ. वहिनींस सा. न. दोघांचा हात डोक्यावर असावा, सध्या त्याची फार गरज आहे.

आपला,
चिंतामण


केळवे,
३ डिसेंबर १९६६

चि. चिंतू यास अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचले. समुद्रावरून वारा फार आहे, पोफळी सारख्या हलतात. दातिवऱ्याच्या होड्या दोन दिवस बाहेर पडल्या नाहीत. माझी प्रकृती तशी ठीक आहे. जेवण जात नाही, इतकेच.

त्या नवसीविषयी लिहावेसे वाटते. एका मुलीने तुझे टक्के किती बुडणार? तू पाचवीत नापास होतास तेव्हा बाबांनी हेडमास्तरांच्या घरी जाऊन तुला वरच्या वर्गात घालून घेतले होते, हे तू विसरला असशील, मी विसरलो नाही. तिचा फॉर्म भर. मोठा भाऊ म्हणून सांगतो.

आणखी एक, सहज विचारतो. समजा, तपासणाराकडूनच काही राहून गेले, असे एखादेवेळी होते, तर एकदा मांडलेले गुण बदलता येतात का? त्यात तपासणाराचे नाव सगळ्यांपुढे येते का? चाळीस वर्षे ज्याने शिकवले त्याला या वयात लोक काय म्हणतील, असा नुसता विचार मनात आला.

उलट टपाली लिही. राग धरू नकोस.

दादा


बोईसर,
५ डिसेंबर १९६६

ती. दादांस सा. न. वि. वि.

मला पाचवीत वर घातले, ते वर्ष मी आजही मनातून पुसू शकलेलो नाही. म्हणूनच कुणाला वर घालत नाही. नवसीला सोडले तर बाकीच्या आठांना काय सांगू? झिपरूने तिला शाळेतून काढले आहे. तारापूरला अणुवीजघराचे बांधकाम चालू आहे, तिथे बाया घमेली वाहतात, त्यांत ती आहे असे ऐकतो.

तपासणाराची चूक झाली तर अर्थातच गुण बदलतात. पण तुमच्याकडून चूक कशी होईल? आपल्या घरात कविता तुम्हांला आणि हिशेब मला, असे असले तरी तुमच्या लाल शाईवर माझा देवाइतका विश्वास आहे. त्याच विश्वासावर त्या मुलीला मी खोटारडी म्हटले.

कळावे. आणखी लिहिण्याचे बळ नाही.

चिंतामण


केळवे,
७ डिसेंबर १९६६

चि. चिंतूभावजींस रंभाबाईचे आशीर्वाद.

मी कधी पत्र लिहीत नाही, तुम्हांला ठाऊक आहे. पण तुमचं परवाचं पत्र इकडून मला वाचून दाखवलं गेलं नाही, तेव्हाच मी समजले. या घरात किराणाची यादीसुद्धा मोठ्यांदा वाचली जाते! दुपारी झोप लागली तेव्हा मी उशीखालून काढून वाचलं. मागचंही वाचलं.

भावजी, त्या पोरीनं निबंध लिहिला आहे. मी तीन वेळा ऐकला आहे, साखरबाईनं दोनदा. वाडीत फिरून वाचून झाल्यावर ती पानं परत बांधलीच नाहीत. कवितांच्या वहीत ठेवली, मोरपीस ठेवावं तशी. तुमचं पहिलं पत्र आलं त्या संध्याकाळी वही उघडली गेली आणि मिटली गेली. तेव्हापासून ताट तसंच उठतं. मी विचारलं, तर म्हणणं असं, की या वयात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. मी म्हटलं, तुमच्या तोंडाचं राहू द्या, त्या पोरीच्या डोक्यावर घमेलं आहे ते आधी उतरवा. जन्मात पहिल्यांदा उलट बोलले. पण मी पत्र लिहायला बसले, तर दौत आणून ठेवली गेली.

पानं सोबत पाठवते आहे. लाल बावीस वरच आहेत.

तुमची वहिनी

ता. क. चिंतू, रंभेने लिहिले त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. तुझ्या पत्रानंतर आठ दिवस मी गप्प बसलो, तो गुन्हा पाने विसरण्याहून मोठा. माझे नाव वर्गासमोर सांग. दादा.


बोईसर,
१० डिसेंबर १९६६

ती. दादांस व ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पाने मिळाली. एकोणतीस आणि बावीस, एक्कावन्न. मुख्य पेपरावर तिने ‘पुरवण्या’च्या रकान्यात स्वच्छ ‘१’ लिहिले होते. तो आकडा लाल नव्हता, म्हणून मला दिसला नाही. तेव्हा चूक तुमची एकट्याची नाही.

काल तारापूरला गेलो. खडीच्या ढिगाशी बायांची रांग होती, त्यात नवसी. मुकादम म्हणाला, साहब, काम के टाइम में नहीं. मी तिथेच उन्हात थांबलो. जेवणाच्या सुट्टीत तिला पाने दाखवली आणि माफी मागितली. तिने पाने उलटून पाहिली. मग म्हणाली, की उभं वर्गात केलंत, माफी खडीवर मागता. बरोबर होते तिचे. मी म्हटले, मंगळवारपासून वर्गात ये, तिथेही मागेन. तिने लुगड्याला हात पुसले आणि फॉर्मवर सही केली. तरी सिमेंटचा अंगठा उमटलाच.

आता टपालाचा भरवसा नाही. उद्या फॉर्म घेऊन मी स्वतः पुण्याला निघतो, सोमवारी कचेरी उघडताच देईन. तिच्यासह तीस मुले झाली. गणितात तिचे सत्तावीस आहेत, आणि तिसांत बारा पास हवेत, त्यात एक कमी पडला तरी वर्ग बुडेल अशी स्थिती आहे. म्हणून शिक्षा सांगतो. दर रविवारी तिला केळव्याला पाठवीन. तुम्ही तिचे अंकगणित घ्यायचे. कवितेचे अक्षर काढायचे नाही. वहिनींनी पहारा ठेवावा.

रागावलो आहे. तरी नमस्कार कमी केलेला नाही.

चिंतामण


बोईसर,
१४ जून १९६७

ती. गुरुजी व ती. काकू यांस नवसीचा शि. सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रात नंबर आला ते सरांनी तुम्हांला कळवलेच असेल. आज शाळेत गुणपत्रिका मिळाली. मराठी एकसष्ट. गणित छत्तीस. काकूंना सांगा, काळ-काम-वेगाचा प्रश्न आला होता. सुपाऱ्या सोलायला घेऊन त्या करून दाखवायच्या, तसाच केला. गुरुजी, तुम्ही त्या वेळी खिडकीतून समुद्राकडे बघत होता, म्हणून तुम्हांला सांगत नाही.

शाळेचे तीसपैकी बारा पास झाले. सर म्हणाले, बरोबर चाळीस टक्के, वर्ग राहिला. मी नसते तर एकोणतीसपैकी अकरा. त्याचे टक्के मी काढले आहेत, तुम्ही काढू नका, चुकतील. पाड्यावरची चिमी पुढल्या वर्षी अकरावीत येणार. मी तिला वाट दाखवून ठेवली आहे.

बाबांना निकाल सांगितला. ते म्हणाले, मी बोललेलो पोर खोटं बोलत नाय. मग उठून बैलांना पाणी पाजायला गेले.

माझी ती पाने सर तुम्हांला परत देणार आहेत असे कळले. वहीत ठेवा. पण ती माझी आहेत, मागेन तेव्हा द्यायची.

आणि एक सांगायचे राहिले. बोर्डाच्या मराठीच्या पेपराला मी दोन पुरवण्या घेतल्या. बांधताना दोऱ्याला तीन गाठी मारल्या. पर्यवेक्षक बाई म्हणाल्या, अगं, एक पुरे. मी म्हटले, नाय पुरत.

आपली,
नवसी